कॅन्सरचा रुग्ण घरी असताना: सांगली-मिरजेच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. बरीच वर्षं मिरजेत वॉर्डात काढली, आता घरोघरी जाते. सांगलीतला गावभाग, विश्रामबाग, तासगाव आणि पलूसकडची गावं असा माझा फेरा असतो. बहुतेक प्रश्न मी निघताना, दारात चपला घालताना विचारले जातात, कारण रुग्णासमोर ते विचारायचं धाडस होत नाही. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधाचं प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

"घरी घेऊन जा" म्हणाले. म्हणजे आता करण्यासारखं काहीच राहिलं नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो. "काय राहिलंय ओ आता करायचं?" असं विचारतात आणि खाली बघतात. त्यांना एका वाक्यात घरी पाठवलेलं असतं, सोबत पुढे काय करायचं याचा साधा कागदही नसतो. याचा मला राग येतो.

गाठ कमी करण्याचे उपचार थांबले असतील. पण दुखणं, उलटी, धाप, बद्धकोष्ठता, जखमेचा वास, झोप नसणं, भीती यांतल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहेत आणि ते घरी करता येतात. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजाराच्या शेवटीच ते घ्यायचे असं काही नाही, केमो किंवा लाईट (म्हणजे रेडिएशन) चालू असतानाही ते सुरू करता येतात. घरी निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: दुखलं तर काय द्यायचं, रात्री फोन कुणाला करायचा, पुन्हा कधी दाखवायचं. तिन्ही उत्तरं लिहून घेतल्याशिवाय रिक्षा बोलवू नका.

दुखण्याची गोळी कधी द्यायची?

घड्याळ बघून. दुखायला लागल्यावर नाही.

हे मी नर्स असून माझ्याच घरी चुकले होते. माझे वडील, आण्णा, सोसणारे होते. मी विचारायची, "दुखतंय का?" ते म्हणायचे, "चालतंय." मी गोळी ठेवून द्यायची. एका रात्री ते पलंगाची पट्टी मुठीत धरून बसलेले दिसले, बोटं पांढरी पडली होती. दुखणं एवढं चढल्यावर ते खाली आणायला जास्त औषध लागतं आणि जास्त वेळही लागतो. आधीची गोळी उतरायच्या आत पुढची दिली तर ठणका वर येतच नाही. तेव्हापासून मी "दुखतंय का" असं विचारत नाही. "दहा पैकी किती?" असं विचारते. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही. सोसणारी माणसंही आकडा खरा सांगतात.

घड्याळाखाली खिळ्याला एक वही अडकवा. वेळ, गोळी आणि आकडा एवढंच त्यात लिहायचं. डॉक्टरांना ती वही दाखवली की डोस ठरवणं सोपं जातं.

मॉर्फिन सुरू केलंय. त्याची सवय लागते ना? शेवटचं औषध आहे ना ते?

"सिस्टर, गोळी लई कडक हाय म्हणत्यात," असं म्हणून कपाटात लपवून ठेवलेल्या पट्ट्या मी पाहिल्या आहेत. बाहेरच्या खोलीत माणूस कण्हत असतो आणि आत औषध पडून असतं.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कॅन्सरच्या वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. योग्य डोसनं मरण लवकर येत नाही. उलट वेदना कमी झाली की माणूस झोपतो, दोन घास खातो, नातवाशी बोलतो. शरीराला औषधाची सवय होते एवढं मात्र खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. हळूहळू कमी करायचं.

साध्या १० मिलिग्रॅमच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून डॉक्टर बहुधा पहाटे ६, सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा देतात. झोपमोड होऊ नये म्हणून कधी कधी रात्रीचा डोस दुप्पट असतो. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं. ते ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, त्यामुळे मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. चिठ्ठीत ते लिहिलेलं नसेल तर मागून घ्या. माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना फोन करा.

हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळतं. २०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हा रुग्णालयांसाठी परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, पण साठा सगळीकडे असेलच असं नाही. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी चौकशी करा. आणि मूळ डबी कुलपात ठेवा, घरात मुलं असतात.

जेवतच नाहीत. काय करू?

आपल्याकडे माया ताटातूनच दाखवली जाते. त्यामुळे घास नाकारला की करणाऱ्याला तो स्वतःलाच नाकारल्यासारखा वाटतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या ओळखाव्या लागतात.

उपचार चालू असतील तर ताकद हवी. ताट भरून वाढू नका, दर दोन तासांनी वाटीभर द्या. शाळूची भाकरी दुधात कुस्करून, मुगाचं घट्ट वरण, अंडं, दही, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेली पेज, भिजवून वाटलेले बेदाणे. वर एक चमचा तूप. केमोनंतर वासानं मळमळत असेल तर गरम फोडणीऐवजी गार किंवा कोमट पदार्थ द्या, आणि फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यादी डॉक्टरांना दाखवा.

आजार फार पुढे गेला असेल तर भूक जाणं हा त्या आजाराचाच भाग असतो. शरीरच अन्न घेईनासं होतं. "खाल्लं नाही म्हणून खंगले" असं घरच्यांना वाटतं, पण बऱ्याचदा ते उलट असतं. अशा वेळी जबरदस्तीनं भरवलं की ठसका लागतो, उलटी होते आणि जेवणाची वेळ दोघांच्याही अंगावर येते. एका काकांना फक्त भडंग हवं होतं. तोंडात जखमा होत्या, चावणं शक्य नव्हतं. त्यांच्या मुलीनं भडंगाच्या फोडणीतला लसूण न घेता नुसती कढीपत्त्याची चव उतरवलेलं तेल मऊ भातावर घातलं. चार चमचे खाल्ले त्यांनी. त्या दिवसापुरतं तेवढं पुष्कळ होतं.

नाकातली नळी आहे. त्यातून देताना काय सांभाळायचं?

बसवून द्यायचं, किंवा उशा लावून डोकं आणि छाती वर करून. दिल्यानंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. नाकाजवळ नळीवर पेनानं खूण करून ठेवा. खूण पुढे सरकलेली दिसली, किंवा देताना खोकला आला, तर थांबा आणि दाखवा. एका वेळी दोनशे ते अडीचशे मिलिलिटर पुरे. सगळं सुती फडक्यातून दोनदा गाळून घ्या. आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. चोंदली तर जोरानं दाबू नका. गोळ्या कुटून घालण्याआधी विचारा, कारण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो.

तोंड आलंय, शिवाय तोंड पुरतं उघडत नाही.

तंबाखू आणि मिश्री आपल्या भागात घराघरात आहे, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण मला खूप भेटतात. त्यात बायकाही असतात.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची. ब्रश लहान मुलांचा, मऊ. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. जिभेवर पांढरे थर दिसले तर ती बुरशी असू शकते, त्यावर औषध आहे.

तोंड किती उघडतं हे त्याच्याच बोटांनी मोजा. साधारणपणे माणसाच्या दातांमध्ये त्याची तीन बोटं उभी मावतात. ऑपरेशन किंवा लाईटनंतर ती दोनवर, एकवर येतात. फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणे आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, काही दिवसांनी एक वाढवायची. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण सोडला की जबडा आखडत जातो आणि मग मागे येणं फार कठीण होतं. मिश्री मात्र कायमची बंद. "थोडीशीच लावते" हेही नाही.

हळदीनं कॅन्सर बरा होतो म्हणतात. आपली तर हळदीची पेठ.

हरिपूरच्या पेवांमधल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतल्या, हळदीचा मलाही अभिमान आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाजीत, दुधात चिमूटभर घाला. पण हळदीनं माणसाचा कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेला परिणाम म्हणजे रुग्ण बरा होणं नव्हे. हळदीच्या अर्काच्या मोठ्या डोसच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या आणि केमोच्या काही औषधांशी त्यांचं जमत नाही. जखमेवर हळद भरू नका. औषध थांबवून कुणाच्या काढ्यावर माणूस सोपवू नका. असे गेलेले सहा महिने परत आणता येत नाहीत, हे मी घरच्यांना फार वेळा सांगितलंय.

जखमेला वास येतो. कुणी खोलीत येईना.

त्या माणसालाही तो वास येत असतो, आणि लोक का येत नाहीत हेही त्याला कळत असतं. म्हणून या प्रश्नाला मी घाईत उत्तर देत नाही.

पट्टी रोज बदला, गरज पडली तर दोनदा. कोरडी पट्टी ओढून काढू नका, सलाइननं भिजवा, पाच मिनिटं थांबा, ती आपोआप सुटते. सलाइनची बाटली नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून, गार करून वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल नको, त्यानं चांगली त्वचाही जळते. वास जंतूंमुळे येतो. त्यावर मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक पूड करून जखमेवर भुरभुरवतात. डॉक्टरांना विचारून सुरू करा, दोन-चार दिवसांत फरक कळतो. पट्टी बदलण्याच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्या. जखम उघडी राहून अळ्या झाल्या तर लाजू नका, दाखवा. ते घाणेरडेपणाचं लक्षण नाही, उघड्या जखमेवर माशी बसली की ते होतं. खोलीच्या खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड लावा. उदबत्त्यांचा धूर नको, धापेच्या रुग्णाला त्रास होतो.

माझ्या माहितीतल्या एका आक्कांच्या घरी वास कमी झाला, तशी शेजारीण संध्याकाळी पुन्हा गवार निवडायला येऊन बसू लागली. आक्कांनी मला त्या दिवशी चहा पिऊनच जा म्हणून बसवून घेतलं.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून?

दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेड असला तरीही. लाल झालेली जागा चोळू नका आणि तिथे गोल रिंगची उशी ठेवू नका. टाचा विसरतात सगळे. पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. चादर ओली किंवा सुरकुतलेली नको. त्यांची आवडती वाकळ खाली अंथरलेली असेल तर तिच्या टाक्यांच्या गाठी पाठीला रुततात, ती पांघरायला द्या.

केमोनंतर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू का?

नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच रात्री दवाखान्यात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी कमी असतात. तेव्हा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. न मोजता गोळी दिली तर ताप झाकला जातो आणि वेळ जातो. घरात चालू थर्मामीटर ठेवा आणि पोचल्या पोचल्या "केमो चालू आहे" हे आधी सांगा.

ताट-वाटी वेगळी ठेवायची का? नातवंडांना जवळ जाऊ द्यायचं का?

कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी ठेवू नका. नातवंडांना जवळ बसू द्या. मुलाला सर्दी-खोकला असेल आणि रुग्णाच्या पेशी कमी असतील, तर रुग्णाला जपण्यासाठी थोडे दिवस लांब ठेवा. केमोनंतर दोन दिवस मात्र उलटी, लघवी, शी काढताना हातमोजे घाला आणि ते कपडे वेगळे धुवा, कारण त्यातून औषध बाहेर पडत असतं.

धाप लागते. ऑक्सिजन आणावा का?

दरवेळी लागतोच असं नाही. डॉक्टर पातळी बघून सांगतील. आधी बसतं करा, पुढे टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकवा, खिडकी उघडा, छोटा पंखा थेट चेहऱ्यावर येईल असा लावा. भोवती दहा माणसं उभी असतील तर बाहेर काढा.

आईला सांगायचं का?

मुलगा मला फाटकाबाहेरच गाठतो, "आत जाऊन नाव घेऊ नका हं." आत गेले की आई उशीखालची फाइल सरळ करून ठेवत असते. चौथी शिकलेल्या बाईलाही रेडिएशन विभागाच्या दारावरची पाटी वाचता येते, आणि तिथल्या बाकावर तिचे कित्येक दिवस गेलेले असतात. तिला माहीत असतं. तिच्याशी कुणी बोलत नाही एवढंच होतं.

मी मुलाचा दोष मानत नाही, तो घाबरलेला असतो. पण माझं मत ठाम आहे. खोटं सांगू नका. सगळं एकदम ओतायची गरज नाही. "आई, तुला काय वाटतंय, कशाचा आजार असेल?" असं विचारा आणि गप्प बसा. ती जेवढं विचारेल तेवढं खरं सांगा. ती म्हणाली की मला काही ऐकायचं नाही, तर तोही तिचा हक्क आहे. न सांगितल्यामुळे राहून गेलेल्या गोष्टी फार साध्या असतात: सातबाऱ्यावर नाव लावायचं, पाटल्या कुणाला द्यायच्या, औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला एकदा जाऊन यायचं.

दवाखान्यात लगेच केव्हा न्यायचं?

तापाचं वर सांगितलं. त्याशिवाय पाठीत कळ येऊन पाय अचानक लुळे पडणं किंवा लघवी अडकणं, यात तासांचा हिशेब असतो. न थांबणारं रक्त, चेहरा-मान सुजून धाप, पोट फुगून उलट्या आणि शी-गॅस दोन्ही बंद, नवीन झटके किंवा भ्रम. अशा वेळी १०८ ला फोन. मानेत किंवा तोंडात मोठी जखम असेल तर गडद रंगाचा टॉवेल हाताशी ठेवा. रक्त आलं तर दाबून धरता येतं, आणि पांढऱ्या कापडावर ते जसं भिववतं तसं दिसत नाही.

खर्च आणि प्रवास कसा भागवायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत ऑपरेशन, केमो, लाईट बसतं. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. घरच्या अटेंडंटचा पगार किंवा डायपरचा खर्च त्यात बसत नाही. उत्पन्न फार कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरच्या रुग्णाला अर्ज करता येतो, तहसील कार्यालयात चौकशी करा. मुंबईला टाटा रुग्णालयात तपासणीला जात असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेसच्या तिकिटात सवलत मिळते. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो निघायच्या आधी घ्या.

पुरात काय करायचं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत आपण काय पाहिलं ते सांगायला नको. नदीकाठच्या घरात रुग्ण असेल तर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागलं की हलवा, ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. झोपलेल्या माणसाला बोटीत घालणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. जूनपासूनच पंधरा दिवसांची औषधं जास्तीची ठेवा, मॉर्फिनची चिठ्ठी आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. वीज गेली की एअर बेड बसतो आणि ऑक्सिजनचं यंत्र बंद पडतं. सिलिंडरची सोय आधी बघून ठेवा, आणि कूस हातानं बदला.

सगळं एकटी सूनच करते आहे.

हे बहुतेक वेळा सून सांगत नाही. तिच्या हातावरून कळतं. वहीत वेळा लिहिल्यात तशी माणसांची नावंही लिहा. रात्री २ ची पाळी मुलाची, रविवारची पट्टी पुण्याच्या मुलीची. भेटायला येणाऱ्यांनी नारळाऐवजी दोन तास द्यावेत, तेवढ्यात ती आंघोळ करून झोपेल. तिला रडू येणं, चिडचिड होणं, "सुटले तर बरं" असं मनात येणं, यातलं काहीही पाप नाही.

शेवटचे दिवस कसे ओळखायचे?

झोप वाढते, पाणीही नको होतं, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर वाजते. ती घरघर ऐकणाऱ्याला जेवढी छळते तेवढी बहुधा त्या माणसाला छळत नाही. कुशीवर वळवा. तोंडात पाणी ओतू नका, ओल्या कापसानं ओठ पुसा. गंगाजलाचे दोन थेंब ओठांवर लावले तरी पुरे. गोळी गिळता येत नसेल तर दुखण्याचं औषध बंद करू नका, दुसऱ्या मार्गानं द्यायचं डॉक्टरांना विचारा. ऐकू येत असावं असं समजून बोला. भावकीतले हिशेब त्या खोलीत काढू नका.

घरीच गेले तर दाखल्याचं काय?

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा, ते मृत्यूचं कारण लिहून देतात. कोणते डॉक्टर येतील हे आधीच विचारून ठेवा, रात्री ३ वाजता शोधाशोध नको. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करा.

उरलेल्या औषधांचं आणि सामानाचं काय करू?

मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या जिथून मिळाल्या तिथे परत द्या. कुणाचंही दुखत असलं तरी शेजारी देऊ नका. एअर बेड, कॉट, व्हीलचेअर पुसून उन्हात ठेवा आणि मला किंवा तुमच्या गावातल्या आशाताईंना सांगा. आण्णांचा एअर बेड अजून फिरतोय. मागच्या महिन्यात तो कवठेमहांकाळला होता, पंपाची वायर मी बदलून घेतली आहे.